पिकाचं पाणी वेगळं, विहिरीचं पाणी वेगळं

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं एक गोष्ट हमखास सांगतात. त्या वर्षी खायला दाणा नव्हता, पण प्यायला पाणी होतं. विहिरी खोल गेल्या होत्या, तरी पोहरा रिकामा वर येत नव्हता. २०१३ मध्ये उलटं झालं. धान्य रेशनवर होतं, दुकानातही होतं. पण मराठवाड्यातल्या गावांत बायाबापड्या घागरी घेऊन टँकरची वाट बघत होत्या. दोन्हीला आपण दुष्काळ हाच एक शब्द वापरतो आणि इथूनच गोंधळ सुरू होतो. १९७२ मध्ये संपली ती मातीतली ओल. २०१३ मध्ये संपलं ते खडकातलं पाणी. हे दोन साठे एकाच पावसावर भरतात, पण वेगळ्या रीतीनं भरतात आणि वेगळ्या रीतीनं रिते होतात.

२०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासून देशातला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलोऱ्यात होतं आणि रानंच्या रानं माना टाकत होती. बातम्यांत मात्र रोज जायकवाडी किती टक्के आणि उजनी किती टक्के, एवढंच. कोरडवाहू सोयाबीनला जायकवाडीशी काय देणंघेणं? त्याचा सगळा कारभार पायाखालच्या दोन-तीन फूट मातीत चालतो. त्या मातीत किती पाणी उरलंय, हे कोणी सांगत नव्हतं. ऑक्टोबरअखेरीस राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तोपर्यंत त्या मातीचा निकाल लागून महिने झाले होते.

म्हणून आधी ही माती समजून घेऊ. आपला मुलूख सह्याद्रीच्या पूर्वेचा, पर्जन्यछायेचा: माण, खटाव, जत, सांगोला, कर्जत, आष्टी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर पाचशेची मारामार असते.

## मातीत पाणी असतं म्हणजे नेमकं कुठे असतं?

मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. काही मोठ्या, बहुतेक डोळ्यांना न दिसणाऱ्या. पाऊस पडला की त्या भरतात. पुढे काय होतं ते कळण्यासाठी धुतलेली गोधडी डोळ्यांसमोर आणा. नदीवरून आणून दांडीवर टाकली की पहिला तासभर ती आपोआप निथळते. मग निथळणं थांबतं, पण गोधडी ओलीचिंब असतेच. आता पाणी हवं तर पिळावं लागतं. पिळून पिळून मनगटं दुखली तरी ती कोरडी होत नाही. उरलेला ओलावा फक्त ऊनच काढू शकतं.

मातीचंही तसंच. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी स्वतःच्या वजनानं खाली निथळतं. हे खडकापर्यंत पोचलं तर विहिरीचं. निथळणं थांबल्यावर बारीक पोकळ्यांत अडकून राहिलेलं पाणी पिळून घ्यावं लागतं. ते पिकाचं. आणि कणांना घट्ट चिकटलेलं शेवटचं पाणी ना पिकाचं, ना विहिरीचं. वापसा येतो तो पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या सीमेवर: जादा पाणी निथळून गेलेलं, पोकळ्यांत हवा परत आलेली, औत चालवलं तर चिखल होत नाही अशी अवस्था.

म्हणजे विहिरीला मिळतं ते मातीनं सोडून दिलेलं पाणी. पिकाला मिळतं ते मातीनं धरून ठेवलेलं. जे पाणी मातीनं एकदा धरलं, ते सहसा पुढे भूजलात जात नाही. ते पानांतून किंवा उन्हानं हवेतच जातं.

## मुळं पाणी ओढतात तरी कशी?

मुळांत पंप नसतो. पंप असलाच तर तो पानांत आहे. पानांच्या छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि तिच्या मागे पाण्याचा अखंड धागा देठातून, खोडातून, मुळातून ताणला जातो. हा ताण मातीतल्या पकडीपेक्षा जास्त असेल तर पाणी आत येतं. माती जसजशी वाळते तसतसं पाणी अधिकाधिक बारीक पोकळ्यांत उरतं, पकड वाढते आणि झाडाला जास्त जोर लावावा लागतो.

बहुतेक पिकं हवेच्या दाबाच्या साधारण १५ पटींपर्यंत ताण देऊ शकतात. दीडशे मीटर खोल विहिरीतून पाणी शेंदायला जेवढा जोर लागेल तेवढा हा जोर झाला. त्यापलीकडे पीक कायमचं कोमेजतं. रात्री गारवा आला तरी पान वर येत नाही. अमेरिकेच्या वाळवंटातलं क्रिओसोट नावाचं झुडूप याच्या तिप्पट-चौपट ताण सोसतं, पण ते आपण पेरत नाही.

१९१२ मध्ये ब्रिग्ज आणि शांट्झ या अमेरिकन संशोधकांनी तऱ्हेतऱ्हेच्या मातींत तऱ्हेतऱ्हेची पिकं लावून ती कधी कोमेजतात हे मोजलं. पिकापिकांत फरक निघाला तो किरकोळ. मातीमातीत मात्र प्रचंड. वाळूत पीक कोमेजतं तेव्हा पाणी जेमतेम उरलेलं असतं. आपल्या भारी काळ्या जमिनीत पीक कोमेजतं तेव्हा घनफळाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी मातीत शिल्लक असतं. हाताला माती गार लागते आणि पीक तहानेनं मरत असतं.

## मग काळी जमीन चांगली की हलकी?

पाऊस कसा आणि किती, त्यावर हे ठरतं. भारी काळ्या जमिनीचा एक मीटर थर निथळल्यावर सुमारे ४०० मिलिमीटर पाणी धरतो. त्यातलं निम्मं घट्ट चिकटलेलं. उरलेलं २०० मिलिमीटर पिकाच्या आवाक्यातलं. एकराला हिशेब केला तर हे आठ लाख लिटर होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ८० टँकर. तेही वीजबिल न भरता, मुळांच्या थेट तोंडाशी. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी याच भांडवलावर उभी राहते. हस्ताचा पाऊस झाला की पेरणी, आणि त्यानंतर एक थेंब न पडताही हुरड्यापर्यंत मजल.

पण ही जमीन आधी स्वतःचं पोट भरते. उन्हाळ्यात ठणठणीत वाळलेला फूटभर थर वापशापर्यंत भिजायलाच साठ-सत्तर मिलिमीटर पाऊस लागतो. कृषी खातं दर जूनमध्ये ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं, त्यामागचं कारण हेच. दहा-पंधरा मिलिमीटरची सर काळ्या रानात वरच्या दोन बोटांत अडकते आणि तिसऱ्या दिवशी उडून जाते. तीच सर हलक्या, मुरमाड रानात खोल उतरते, उन्हापासून वाचते आणि बाजरीला मिळते.

इस्रायली परिसंस्थाशास्त्रज्ञ नॉय-मेअर यांनी १९७३ मध्ये हे जगभरच्या रखरखीत भागांबद्दल मांडलं: पाऊस अगदी कमी असेल तिथे भरड माती झाडांना जास्त मानवते, जास्त पावसात बारीक माती. आपल्याकडे खरिपाची बाजरी माळावर आणि रब्बीची ज्वारी काळ्यात, ही वाटणी त्यांच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे. काळं रान खरिपात मोकळं ठेवायची जुनी पद्धत आळसापोटी नव्हती. जमिनीला पाणी पिऊ द्यायचं होतं.

## विहिरीच्या वाट्याला काय येतं?

फार थोडं. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनलेल्या बेसॉल्ट खडकावर बसलेला आहे. हा खडक मुळात पाणी धरत नाही. पाणी राहतं ते त्याच्या झिजलेल्या मुरमात, फटींत, सांध्यांत. भूजलाच्या सरकारी अंदाजात झिजलेल्या बेसॉल्टसाठी पावसाच्या साधारण ७ टक्के पाणी खाली मुरतं असं धरतात. साडेपाचशे मिलिमीटर पावसाचे झाले सुमारे ४० मिलिमीटर.

आता एक गंमत बघा. या खडकात उपसता येईल असं पाणी घनफळाच्या दोन टक्क्यांच्या आसपास मावतं. त्यामुळे चाळीस मिलिमीटर मुरलं तरी विहिरीची पातळी दोन मीटरनं वर येते! लोकांना वाटतं, केवढं पाणी आलं. प्रत्यक्षात मीटरभर खडकातून पंपाला वीस मिलिमीटर मिळतात आणि मीटरभर काळ्या मातीतून पिकाला दोनशे. दहापट. पातळी जशी भराभर चढते तशी भराभर उतरतेही. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेली विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते त्यात नवल नाही.

शिवाय हे पाणी सगळ्या रानातून सारखं मुरत नाही. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, कधी मीटरभर खोल. पहिल्या जोरदार पावसाचं पाणी त्यांतून थेट खाली जातं, वरचे ढेकूळ कोरडेच राहतात. चार दिवसांत चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि मग तीच जमीन तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते. बाकीचं वाहतं, ओढ्याला लागतं, आणि जिथे मुरूम उघडा आहे तिथे मुरतं. विहिरीला पाझर येतो तो बराचसा अशा वाटांनी.

रिमझिम पाऊस पिकाचा आणि दणक्याचा पाऊस विहिरीचा, असं ढोबळपणे म्हणता येईल. एकाच गावात, एकाच वर्षी पीक उत्तम आणि विहीर कोरडी, किंवा नेमकं उलटं, कसं होतं ते यावरून कळेल. आणि पाऊस निम्म्यावर आला म्हणून मुरणारं पाणी निम्म्यावर येत नाही. माती आपलं आधी घेते, खडकाच्या वाट्याला काहीच न उरण्याची पाळी येते.

## झाडं आणि ओढे खरंच वेगळं पाणी पितात?

हा प्रश्न गेली पंधरा वर्षं जलशास्त्रज्ञांत चांगलाच गाजतोय. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वजनाचे नसतात. काहींतला ऑक्सिजन किंवा हायड्रोजन किंचित जड असतो. या जड भावंडांना समस्थानिक म्हणतात. बाष्पीभवनात हलके रेणू आधी उडतात, त्यामुळे उन्हात तापलेल्या मातीत उरलेलं पाणी जरा जड होतं. मुळं पाणी घेताना बहुधा हा फरक बदलत नाहीत. म्हणून खोडातलं पाणी तपासलं तर ते कुठून आलं याचा माग लागतो.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या जंगलात असा माग काढला गेला आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. कोरड्या उन्हाळ्यात झाडांच्या खोडात होतं ते मातीनं घट्ट धरलेलं पाणी. ओढ्यातलं पाणी ओळखपत्रासकट वेगळं. २०१५ मध्ये जगभरच्या ४७ ठिकाणांची आकडेवारी एकत्र करून हेच चित्र बऱ्याच ठिकाणी दिसतं असा दावा झाला. ‘पाण्याची दोन जगं’ हे नाव याच सुमारास रूढ झालं.

आक्षेपही तितकेच आले. मातीतलं आणि खोडातलं पाणी प्रयोगशाळेत निर्वात करून, तापवून काढतात. २०२० मध्ये चाचण्यांतून दिसलं की ही पद्धतच खोडातल्या पाण्याची ओळख थोडी बदलते. काही ठिकाणी दोन पाणी सरळसरळ मिसळलेली सापडली. त्यामुळे दोन जगांमध्ये भिंत आहे असं आज कोणी ठामपणे म्हणणार नाही. पण पाऊस एका ऋतूत आणि तहान दुसऱ्या ऋतूत असलेल्या प्रदेशात फारकत मोठी असते, एवढं मला तरी पटतं. गोधडीचं उदाहरण त्याच दिशेला जातं.

## “पण बाभळीची मुळं तर विहिरीत उतरलेली दिसतात!”

दिसतात, आणि हा आक्षेप रास्त आहे. काही झाडं थेट भूजल पितात. आपल्याकडे बेसुमार पसरलेल्या वेड्या बाभळीच्या एका अमेरिकन भाऊबंदाची मुळं अॅरिझोनातल्या खाणीत ५३ मीटर खोलीवर सापडली होती. पण ज्वारी, हरभरा, सोयाबीन यांची मुळं मीटर-दीड मीटरवर थांबतात. भूजल आठ-दहा मीटर खाली, मध्ये मुरूम. तिथून पाणी आपोआप वर चढून मुळांपर्यंत येत नाही. विहीर तुडुंब असली तरी शेजारचं कोरडवाहू रान तहानलेलंच राहतं, मोटर चालू करेपर्यंत.

खोल मुळांची झाडं आणखी एक उद्योग करतात. रात्री पानांची छिद्रं मिटली की खालच्या ओल्या थरातलं पाणी मुळांतून वर येऊन वरच्या कोरड्या मातीत झिरपतं. यूटामधल्या सेजब्रश झुडपात १९८७ च्या सुमारास हे पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं. तूर असंच पाणी वर आणून शेजारच्या नाचणीला देते, असं भारतीय आणि स्विस संशोधकांच्या कुंडीतल्या प्रयोगांत दिसलंय. शेतात त्याचा उत्पन्नाला किती फायदा होतो हा पुढचा प्रश्न, पण तुरीची ओळ घालणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटेल.

## “झाडं लावली की भूजल वाढतं ना?”

शाळेच्या निबंधात वाढतं. झाड मुळात पाणी पिणारा जीव आहे. कर्नाटकात १९९० च्या आसपास झालेल्या मोजणीत निलगिरीची लागवड त्या ठिकाणचा जवळजवळ सगळा पाऊस पिऊन टाकते असं निघालं. माती खोल होती तिथे तर पावसाहूनही जास्त, म्हणजे मातीतला जुना साठाही उपसत होती. तिथल्या सरकारनं २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही: मध्यम खोलीच्या जमिनीत निलगिरी आणि स्थानिक पानगळी जंगल यांचं पाणी पिणं फारसं वेगळं नव्हतं. खलनायक एकटी निलगिरी नव्हे.

उजाड माळही चांगला नाही. तिथे पावसाच्या माऱ्यानं जमिनीचं तोंड बंद होतं आणि पाणी मुरण्याऐवजी वाहतं. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या २०१६ च्या अभ्यासात सगळ्यात जास्त भूजल भरलं ते विरळ झाडीखाली. मुळांनी आणि किड्यामुंग्यांनी केलेल्या वाटा भरपूर, पिणारी तोंडं बेताची. कोट्यवधी रोपांचे आकडे जाहीर करताना हा ‘बेताची’ शब्द कोणी लक्षात घेत नाही.

## मग जलसंधारणाची कामं कोणाच्या कामाची?

ओढ्यात बांध घातला, नाला खोल केला की विहिरीला पाणी येतं. ज्याची विहीर ओढ्याकाठी, त्याला जास्त. माळावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मातीत त्यानं एक थेंबही वाढत नाही. त्याच्यासाठी पाणी पडेल तिथेच थांबवावं लागतं: उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती, रब्बीआधी रानात पाडलेले छोटे सपाट वाफे. आणि धरलेली ओल जपण्यासाठी कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती हलवणं. रब्बी ज्वारीला आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं चालवायला सांगतात ते तणासाठी कमी, भेगा बुजवण्यासाठी जास्त. भेग उघडी राहिली की ऊन दोन फूट खालची ओलही चोरतं आणि मुळं तटातटा तुटतात.

गावाच्या बजेटमध्ये बांधाला पैसे निघतात, फोटो निघतो, उद्घाटन होतं. कोळपणीचं उद्घाटन कोण करणार?

उलट मुरवलेल्या पाण्याचं पुढे काय होतं तेही बघायला हवं. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. चाळीस मिलिमीटर मुरणाऱ्या मुलखात पावसाचा वाटा वजा केला तरी एकरभर उसासाठी तीस-चाळीस एकरांत मुरलेलं पाणी वर काढावं लागतं. ठिबकनं उसाची तहान कमी होते, पण चाळीस मिलिमीटरवर येत नाही. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात बोअरचं पाणी भरून ठेवणं तर आणखी अजब. खडकात ते झाकलेलं होतं. तळ्यात उघड्यावर वर्षाला दोन मीटरच्या आसपास उडून जातं.

## ओल मोजता येते का?

येते. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेत मातीतल्या ओलीचा निर्देशांक आहेच. उपग्रह ओल टिपतात, पण सूक्ष्मलहरींनी त्यांना दिसतो तो वरचा पाचेक सेंटिमीटरचा थर. मीटरभर खोलीवर मुळांना काय मिळतंय ते गणितानं ताडावं लागतं. सगळ्यात भरवशाची पद्धत अजून जुनीच आहे: गिरमिटानं वेगवेगळ्या खोलीची माती काढायची, वजन करायचं, भट्टीत १०५ अंशांवर दिवसभर वाळवायची, पुन्हा वजन करायचं. फरक म्हणजे पाणी. पण असे आकडे विहिरींच्या पातळीसारखे तालुकावार छापून येत नाहीत.

शेतकऱ्याला एवढं सगळं करायची गरज नाही. रब्बीच्या पेरणीआधी रानात दोन-तीन जागी पहारीनं तीन फूट खड्डा घ्यावा आणि दर फुटावरची माती मुठीत दाबून बघावी. गोळा होऊन बोटांचे ठसे उमटले तर त्या थरात पिकापुरती ओल आहे. भुगा झाला तर नाही. तीन फूट ओल असेल तर ज्वारी नेहमीसारखी पेरता येते. ओल फूट-दीड फुटावरच थांबली असेल तर बियाणं कमी टाकून पेर विरळ ठेवावी. तेवढ्याच पाण्यावर दाट रानातली सगळीच ताटं निसवण्याआधी वाळतात, विरळ रानातल्या निदान काही कणसांत दाणा भरतो.